सासूचं कपाळ, जावळ, लाजरी

अव्वा,

मी शेवटी समुद्र पाहिला. यजमानांचं लाकडाच्या वखारीचं काम कारवारला निघालं, तशी मीही गाडीत बसले. रान मागे पडलं, घाट उतरला, तरी मनात एकच होतं. तू शिकवलेली शिंपल्यांची नावं तिथल्या बायकांच्या तोंडून एकदा ऐकायची. तुझ्यामागे ती नावं बोलणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

नंदिगड्ड्याचं आपलं स्वयंपाकघर अजूनही दुपारच्या गुंगीत माझ्याभोवती उभं राहतं. उळवीच्या जत्रेला येताना मामा समुद्राकाठच्या तुझ्या माहेराहून मिठाच्या पोत्याबरोबर शिंपल्यांचं गाठोडं आणायचा. कोरडे शिंपले सगळे राखेच्या रंगाचे. तू त्यांतला एक पेजेच्या निवळीत बुडवतेस आणि त्याच्या पाठीवर तांबूस रेघा जाग्या होतात. “आदी नख फिरव,” म्हणतेस, “मग डोळे लाव.” नख आडव्या वळ्यांवर अडखळत गेलं, की ते सासूचं कपाळ. नख घसरलं आणि केसांसारख्या बारीक उभ्या रेघा दिसल्या, की जावळ. दोन्ही झाकणं अजून एकमेकांना धरून असली, की लाजरी. आजी, म्हणजे तुझी सासू, चुलीपाशी पान लावत बसलेली. “शिंपल्यांनी पोट भरतंय व्हय गं? भाजून चुना तरी कर त्येंचा.”

“करतो की अत्ती. आदी तेवढं कपाळ वायलं काढून ठेवतो.”

“कुनाचं कपाळ?”

“न्हाई, पोरीला नाव सांगाय लागलोय.” आणि तू पदर तोंडात कोंबून माझ्याकडे बघतेस.

कारवारला ओहोटी लागली होती. वाळू इतकी ओली, की आभाळ तिच्यात उतरून पडलेलं. इथे सगळे शिंपले आपणच भिजलेले, आपणच जागे. मी एकेक उचलत होते, नख फिरवत होते, पुटपुटत होते. खायचे शिंपले, तिसऱ्या, वेचणाऱ्या एका म्हातारीपुढे मी हात उघडला, रानातून आलेय म्हणाले आणि नावं सांगितली. ती कमरेवर हात ठेवून हसली. “सासूचं कपाळ? सगळ्यो तिसऱ्योच गो बाय! शिजल्यार नांव कोण विचारता?” बरोबरच्या बायकाही हसल्या. एकीनेही ती नावं कधी ऐकलेली नव्हती.

मी तिथेच बसले. लग्न झालं तेव्हा तू परकरातली पोर होतीस. त्या वयात समुद्रावरून उठवून रानात आणलेल्या मुलीला कुठली नावं ठाऊक असणार? पुन्हा कधी तुला जाता आलं नाही. कधी हिवताप, कधी भाताची लावणी, कधी व्यालेली म्हैस. म्हणजे चुलीच्या धुरात बसून तू ती रचलीस, आणि मी त्यांना समुद्राची समजत आले. लाट पायाशी येऊन परत जात होती आणि मला फार पोरकं वाटलं.

म्हातारीला काय वाटलं कोण जाणे. तिने एक इवलासा पांढरा शिंपला माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या शेंड्याजवळ सुईने पाडावं तसं गोल भोक होतं. “आनी हाका कितें म्हणतात तुमच्या रानांत?” मामाच्या गाठोड्यात तसला कधी आला नव्हता. मी नख फिरवलं आणि न थांबता म्हणाले, “नाक टोचलेली.”

तिने तो डोळ्याला लावून भोकातून समुद्र पाहिला. मग लांब वाकलेल्या बाईला हाक मारली, “पळय गो, नाक टोचलेली!” थोड्या वेळाने तिने एक शिंपला उंच धरला आणि तिकडून आवाज आला, “माकाय एक मेळ्ळी!”

तुला वाचता येत नव्हतं, आणि हा कागद कुणाच्या हाती द्यावा असं कुणी नाही. तो माझ्यापाशीच राहील. एवढंच सांगते, की निघताना म्हातारीने विचारलं, हे नाव कुणी ठेवलं. मी म्हणाले, आमच्या अव्वानं.