कोऱ्या केसांची बट

वडगाव रासाई,
१४ डिसेंबर

चि. धनश्री हिस आप्पाचे पोटभर आशीर्वाद. आई बरी, म्हैस बरी, भीमेला पाणी आहे. तू फोन घेत नाहीस त्याला आज नऊ दिवस झाले, म्हणून कागदावर लिहितो. (कागद मध्येच कट करता येत नाही.)

तुझा राग खरा आहे. नागपूरच्या तुमच्या प्रयोगशाळेत केसांतून विष आणि नशा ओळखतात, आणि यंत्र नीट चालतं का हे तपासायला वर्षभर कसलंही व्यसन न केलेल्या माणसाचे कोरे केस लागतात. "माझे आप्पा आहेत की," असं तू साहेबांना सांगून बसलीस. मीही हो म्हणालो, कारण तू दहावीला असताना तुझ्या शपथेवर तंबाखू सोडली ती सोडलीच होती. पण (आता लिहितोच) ती पुन्हा धरली होती. मग मी गावातल्या ईश्वरला गाठलं. गळ्यात माळ, चहासुद्धा न घेणारा, दर गुरुवारी पारावर व्यसनमुक्तीवर बोलणारा, आणि केस मानेवर रुळणारे. त्याला म्हटलं, सरकारला शुद्ध माणसाचे केस पाहिजेत. गडी लगेच मान वाकवून बसला. तू सांगितलं होतंस तसंच सगळं केलं, बट डोक्याच्या मागून कातडीलगत कापली, मुळाकडच्या टोकाला दोरा बांधला, चांदीच्या कागदात गुंडाळली आणि माझी म्हणून तुला पाठवली. कातर मात्र आजोबांची, मेंढरांची लोकर उतरवायची होती. (तीन पिढ्या मेंढरं कातरल्यावर एका ईश्वराचं काय अवघड?)

आणि तुझ्या यंत्राने त्यात तंबाखू काढली. वर खोकल्याच्या औषधातली नशा, तीही महिनोन्‌महिन्यांची. साहेबांसमोर तुझी मान खाली गेली. "आप्पा, तुमी माझ्यापासनं लपवलं," एवढंच बोलून तू फोन ठेवलास. बोललो असतो तर ईश्वर उघडा पडला असता, गप्प बसलो तर मी बाटल्या रिचवणारा ठरलो. (मला साधा खोकलाही येत नाही.) ईश्वरने गावभर सांगितलंय की त्याचा केस सगळ्या महाराष्ट्राला नमुना म्हणून लावलाय. सर्टिफिकेट आलं का, म्हणून रोज विचारायला येतो. मी सांगतो, छाननी चालू आहे.

आता माझं सांगतो. जूनमध्ये तुला दौंडला गाडीत बसवलं, गाडी हलली, आई जिन्याकडे चालू लागली. मी मागे राहिलो आणि स्टेशनबाहेरच्या टपरीवर पुडी घेतली. घरी पोचेपर्यंत अर्धी संपली. तुझी स्कूटी आठवड्यातून एकदा सुरू करतो, बॅटरी बसू नये म्हणून. आवाज ऐकून आई उगाच दाराशी येते, आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही. तुझी फार आठवण येते, पोरी. बाप्या माणसाला हे बोलता येत नाही. तोंडात तंबाखू असली की बोलावंही लागत नाही.

तुझा,
आप्पा

ता. क. सोबतची बट माझी स्वतःची आहे. तू गेल्यापासून केस कापायला शिरूरला गेलो नाही (स्कूटीवर तूच न्यायचीस), त्यामुळे चांगले वाढलेत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, मुळाकडचा नवा, टोकाकडचा जुना, हे तूच शिकवलंस. तर टोकाकडून मोजत ये. पहिले दोन सेंटिमीटर, तू जायच्या आधीचे, कोरे निघतील. तिथून पुढे तंबाखू आहे. ती कोणत्या महिन्यात सुरू झाली ते तुला यंत्राशिवाय कळेल. नऊ दिवसांपूर्वी परत सोडली, पण ते अजून केसात आलं नसेल.

आणखी एक. साहेबांना खरोखरचे कोरे केस हवे असतील तर ते घरातच आहेत, कंबरेपर्यंत. आईने चहाखेरीज कशाची चव घेतली नाही, आणि तिला कुणी विचारलंही नाही. काल कातर घेऊन गेलो तर तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. म्हणाली, "तुमी न्हाई कापायचं. तिला लिवा, पाह्यजे असतील तर सवता ये आन् कापून ने. आन् त्येच्या आधी माझी येणी घालून दे."