मिस चंदेरीचा अर्धा सूर

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे पाचच अंगांनी घातला आहे, उरलेली तीन तू आपल्या मनाने धरून घे.) तुझी तब्येत, वहिनींचा रक्तदाब आणि तुमच्या जिन्यावरचा तो दिवा, ज्याचा चोक मी गेल्या खेपेला बदलून दिला होता, हे तिन्ही ठीक असावेत. ठीक नसतील तर आधी दिव्याबद्दल कळव, कारण माझ्या दुरुस्तीनंतर तो बिघडला असेल तर त्याला कुणीतरी हात लावला आहे. इकडे सर्व क्षेम. म्हणजे क्षेम आहे असं सगळे म्हणतात. मी अजून तपासतो आहे.

पत्रास कारण मावशी, म्हणजे तुझ्या नात्याने आई. येत्या चौदा तारखेला संध्याकाळी सहा वाजता ती चाळीस वर्षांनी पुन्हा स्टेजवर उभी राहून गाणार आहे, हे तिने तुला फोनवर सांगितलंच असेल. मधे सहा दिवस हा कार्यक्रम रद्द झाला होता, तेही सांगितलं असेल. तो कोणामुळे रद्द झाला याबद्दल घरात एकच मत आहे आणि ते मला मान्य नाही. फोनवर माणूस आपल्या सोयीचं तेवढं बोलतो. म्हणून घडलं ते तसंच्या तसं लेखी कळवतो.

तू शिक्षणासाठी लहानपणीच बाहेर गेलास, त्यामुळे मावशीची कारकीर्द तुला ऐकून माहीत आहे. मला कागदोपत्री माहीत आहे. (पोस्टर एक, फोटो अकरा, छापील कात्रणं सहा, त्यातल्या दोनांत तिचं वय चुकलेलं. सगळं माझ्याकडे फायलीत आहे.) ती हॉटेलात टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. तळघरातल्या नाचाच्या फ्लोअरवर जो बँड होता त्याच्या मास्तरने एकदा वर फोन लावला आणि मावशी जोडणी विसरून गुणगुणत होती ती त्याने पलीकडून पूर्ण ऐकली. त्याच आठवड्यात त्यांच्या गायिकेला उचकी लागली, ती चार दिवस थांबली नाही, आणि मावशी बोर्ड सोडून खाली गेली. (एवढी सोयीस्कर उचकी मी आजवर पाहिलेली नाही, पण ते प्रकरण आता जुनं झालं.) तिथून पुढे सात वर्षं ती 'मिस चंदेरी' होती. तिचा तो चंदेरी टिकल्यांचा झगा मी काट्यावर ठेवून पाहिला आहे; सव्वाचार किलो भरला, आणि तेसुद्धा बऱ्याच टिकल्या पडून गेल्यावर. तेवढं अंगावर घेऊन बाई नाचायची आणि वर गायची. आधी दोन तास डिस्को, मग शेवटी सोल (म्हणजे ती संथ, काळजातून काढायची गाणी). फरक विचारला तर म्हणायची, डिस्को पायांसाठी आणि सोल पाय दुखायला लागल्यावर. मग डिस्को मागे पडला, हॉटेलवाल्यांनी फ्लोअरवर जेवणाची टेबलं मांडली, आणि मावशी टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागून सत्तावीस वर्षं लोकांना "थांबा, जोडते" म्हणत राहिली. ते ऐकायला काही लोक मुद्दाम चुकीचा नंबर मागत, असं तिच्याबरोबरच्या बायका सांगतात. त्या सात वर्षांतून उरली ती एकच रेकॉर्ड. छोटी तबकडी, पुढच्या बाजूला डिस्को, मागच्या बाजूला सोल.

तर दोन महिन्यांपूर्वी तो रेकॉर्डवाला उगवला. केसांची शेपटी, वय तिशीचं, जुन्या बाजारांतून डिस्को आणि सोलच्या विसरलेल्या रेकॉर्डी शोधून पुन्हा छापायचा धंदा. म्हणे मिस चंदेरीला तो दोन वर्षं शोधत होता. मला तो पहिल्या पाच मिनिटांतच खटकला. दाराशी बूट काढले तर आत कोरे मोजे. सरळ कामाला निघालेला माणूस नवे मोजे घालत नाही. चहाला साखर नको म्हणाला. आणि तबकडी हातात घेतली ती कडेने, दोन तळव्यांत, लेबलाला बोट न लावता. एवढी काळजी एकतर जाणकार घेतो नाहीतर चोर. मी स्वतः ती अशीच धरतो, पण माझी गोष्ट वेगळी.

त्याचं म्हणणं, रेकॉर्ड पुन्हा काढायची आणि त्या दिवशी सभागृहात नव्या पोरांचा बँड घेऊन मावशीने दोन्ही गाणी गायची. अडचण एकच. लेबलवर नाव फक्त 'मिस चंदेरी'. कंपनी बुडाली, बँडमास्तर वारले, ड्रमवाला आहे पण त्याला ऐकू येत नाही आणि आठवत तर त्याहून नाही. तेव्हा ही बाई म्हणजेच मिस चंदेरी असं घरातल्या जबाबदार माणसाने लिहून द्यायचं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कागद माझ्याकडे, यंत्रं माझ्याकडे. शिवाय कुणाकडे एक दिवस न शिकता मी टेपरेकॉर्डर, रेकॉर्ड प्लेअर आणि मिक्सर उघडून बंद करतो (आणि बंद केल्यावर स्क्रू उरत नाहीत, जे शिकलेल्यांचे उरतात). मावशी म्हणाली, लिही की दोन ओळी. दादा, मी दोन ओळी लिहिणारा माणूस नाही. सही करायची तर खात्री करून.

मी तबकडी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात नेली, माझ्या प्लेअरवर लावली (मोटार एकाची, आर्म दुसऱ्याची, खोका माझा) आणि घड्याळ लावून मागची बाजू ऐकली. लेबलवर वेळ छापली आहे चार मिनिटं दहा सेकंद. माझ्या घड्याळात आली तीन मिनिटं छप्पन्न. तीनदा मोजली. ज्या लेबलवर वेळ खोटी, त्यावरचं नाव कशावरून खरं? मग मी माउथ ऑर्गन घेऊन गाण्याचा सूर पकडला आणि दुसऱ्या दिवशी मावशी भांडी घासताना तेच गाणं म्हणत होती तेव्हा दाराआड उभा राहून तिचाही पकडला. रेकॉर्डवरची बाई बरोबर अर्धा सूर वर गात होती. आता मावशीचा सूर कधी हलत नाही. सत्तावीस वर्षं एक्सचेंजमधल्या डायल टोनची तीच घूं ऐकून तो कानात खिळ्यासारखा बसला आहे. म्हणजे रेकॉर्डवरची बाई दुसरी. मला ती उचकीवाली आठवली. सगळं जुळत गेलं आणि मला स्वतःचा अभिमानही वाटला, जो मी कुणाला दिसू दिला नाही.

मावशीला विचारायला हवं होतं असं आता सगळे म्हणतात. पण ज्याच्यावर संशय त्यालाच विचारायचं, ही कुठली पद्धत? मी रेकॉर्डवाल्याला चार पानी पत्र लिहिलं, मुद्दे अकरा, सोबत वेळांचा तक्ता, आणि खाली सही करून कळवलं की सदर आवाज आमच्या मावशीचा असल्याचं मी प्रमाणित करू शकत नाही. हेतू तिला वाचवण्याचा होता. उद्या भर सभागृहात कुणी उठून म्हणालं असतं की ही ती नव्हेच, तर?

कार्यक्रम थांबला. सहाव्या दिवशी सकाळी साडेदहाला मावशी दुकानात आली, मागे तो शेपटीवाला, हातात माझं पत्र. ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली, चष्मा लावला आणि चारही पानं माझ्यासमोर शांतपणे वाचली. मुद्दा सातमधली एक चूक पेनने दुरुस्त केली. मग म्हणाली, लाव. मी लावली. ती तबकडीबरोबर गाऊ लागली आणि दोन आवाज एकमेकांवर असे घासले की समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं. मी शेपटीवाल्याकडे पाहून नुसती मान हलवली. पुरावा बोलत असताना आपण बोलू नये. मावशी गायची थांबली. तिने कागदाचा कपटा मागितला, ओला करून तबकडीच्या कडेला चिकटवला, मला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून एक मिनिट सांगायला लावलं, आणि कपटा समोरून गेला की स्टुलावर एक बोट आपटत राहिली, कॉल मोजायची तशी. मिनिटाला फेरे व्हायला हवेत पंचेचाळीस. लेबलवरच छापलेले आहेत. झाले पावणेअठ्ठेचाळीस.

"लेबल खरं, घड्याळ खरं, मीही खरी," मावशी म्हणाली. "मग घाईत कोण आहे रे?"

मी प्लेअर उघडला. मोटारीच्या पुलीवर चिकटपट्टीचे चार वेढे होते. माझा पहिला संशय अर्थातच बाहेरच्या माणसावर गेला. पण पट्टी माझ्या दुकानातली, आणि टोक आतल्या बाजूला दुमडलेलं. टोक असं फक्त मी दुमडतो. मग हळूहळू आठवलं. पूर्वी पट्टा सैल होऊन ताटली मंद फिरायची, म्हणून पुली जाड करायला मीच ते वेढे दिले होते. पुढे नवा पट्टा बसवला आणि वेढे काढायचे राहिले. तो पट्टा बसवल्याची तारीख माझ्या वहीत आहे, त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मी जगातलं सगळं संगीत अर्धा सूर वर आणि घाईघाईत ऐकत होतो, आणि आजकाल सगळे आवाज चढवून गातात असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो. वेळ कमी आणि सूर वर, हे दोन वेगवेगळे गुन्हे धरून मी त्यांचे दोन मुद्दे केले होते (तीन आणि सात). तो एकच होता आणि तो माझा होता.

मी हे सगळं कबूल केलं, तांत्रिक भाषेत. मावशीने ऐकून घेतलं. "यंत्र चुकलं त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण पन्नास वर्षं माझा आवाज ऐकतोयस, तो ओळखायला तुला घड्याळ लागलं?" आणि चहा तसाच ठेवून निघून गेली.

हे मी फक्त तुला लिहितो आहे. दोन ओळींचं प्रमाणपत्र मी त्याच दुपारी लिहून दिलं. कार्यक्रम पुन्हा ठरला. पण मावशी माझ्याशी बोलत नाही. माझ्यासमोर बसून मला सांगायचं ते पंख्याला सांगते: 'त्याला म्हणावं, जेवून जा.' कार्यक्रमात माझ्या हाताला एकही वायर लागणार नाही अशी अट तिने बँडच्या पोरांकडून लिहून घेतली आहे. शेपटीवाला मात्र मला येताजाता नमस्कार करतो. एवढं होऊन तो एकदाही हसला नाही, आणि अशा प्रसंगी जो हसत नाही तो काहीतरी लपवून असतो. त्याच्यावर नजर ठेवणारं घरचं माणूस चौदा तारखेला सभागृहात पाहिजे, एवढंच सुचवायला हे पत्र लिहिलं.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, रक्तदाब सकाळी मोजावा.

तुझा धाकटा मावसभाऊ

ता. क. सभागृह पूर्ण भरलं आहे. घरच्यांसाठी पुढच्या रांगेचे दोनच पास मिळाले. एक शेजारच्या शिक्षिकाबाईंना, कारण झग्याची मागची चेन त्यांनाच लावता येते. दुसरा तुझा. तो पोस्टात टाकायला मावशीने माझ्या टेबलावर ठेवला (म्हणजे ठेवला आणि पंख्याला तसं सांगितलं). पोस्टावर माझा विश्वास नाही. शिवाय तुला मोठा आवाज सोसत नाही, लहानपणी तू कानात कापूस घालून बसायचास. तर रजा मिळत नाही असं दोन ओळीत आईला कळवलंस, तर पास वाया जाऊ नये म्हणून ती तो कुणाला देईल ते उघड आहे. तुझी आई आहे, तुझं ऐकेल.

ता. क. २. वरचं खोडायचं होतं, पण खाडाखोड केलेलं पत्र संशयास्पद दिसतं. पास सोबत आहे. दोनदा पाकिटातून काढला, तिसऱ्यांदा घालून लगेच चिकटवलं. मिळाल्याचं कळव, कारण सध्या मला माझीही खात्री नाही. रजा काढ आणि ये. कापूस आणू नकोस.

ता. क. ३. माझी काळजी नको. सभागृहाची मागची भिंत मी जाऊन पाहिली, नऊ इंची विटेची आहे. काल तालमीच्या वेळी तिथे बाहेर उभा होतो. डिस्कोचे वरचे सूर भिंतीतच अडकतात, पण सोलचे खालचे सगळे बाहेर येतात. मला मागची बाजू मिळेल. तेवढी पुरे.