निधनवार्तेला दुसरा माणूस हवा

बुरंबिल,
सोमवार

प्रिय ब्रॉनी,

हे पत्र तू फोडशील अशी माझी काही समजूत नाही. पत्ता तुझ्या मावशीकडून मिळवला. तिने आधीच बजावलंय की त्या हायवेवरच्या खानावळीत टपाल आठवड्यातून एकदा येतं आणि ब्रॉनी आपली पाकिटं न उघडता पिठाच्या पोत्यामागे सारते. सार. जन्मभर गावचं वर्तमानपत्र चालवलेल्या माणसाला न वाचलं जाण्याची सवय असते. तू फोन उचलत नाहीस, संगणकाला हात लावत नाहीस, मग मी दुसरं करायचं तरी काय?

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. परवा बुधवारी आपलं बातम्यांचं पान नव्या व्यवस्थेवर जातंय. आजवर प्रसिद्ध झालेलं सगळं तिकडे जाईल, पण मंजुरीविना अडकलेलं जाणार नाही, पुसलं जाईल. अडकलेलं असं एकच आहे, तू लिहिलेली ईवनची निधनवार्ता. चार वर्षं ती माझ्या होकारासाठी थांबली आहे. दर गुरुवारी अंक काढताना सगळ्यात वर तीच दिसते, आणि तुझ्या भावाचं नाव वाचून मी खाली सरकतो. ती मी वाचवणार नाहीये. लगेच पत्र चुरगाळू नकोस. अजून एक गोष्ट आहे, पण ती शेवटी सांगेन, नाहीतर तू मधलं काही वाचायची नाहीस. लहानपणीही तू जेवणाआधी पुडिंग संपवायचीस.

गावाचं म्हणशील तर सांगण्यासारखं फारसं उरलेलं नाही. बँक गेली ते तुला माहीत असेल. आता शाळेचे वरचे वर्गही गेले, पोरं तासभर बसमध्ये बसून शिकायला जातात. फुटबॉलच्या संघाला पुरेशी माणसं मिळेनात म्हणून तो नदीपलीकडच्यांच्या संघात घालून टाकला. ज्यांना तुझ्या आजोबांनी जन्मभर शिव्या घातल्या त्यांच्याच पट्ट्यापट्ट्यांच्या जर्सी आता आपली पोरं घालतात. पबमध्ये शुक्रवारी मटणाच्या ताटाची सोडत अजून निघते, पण तिकिटं घेणारे इतके थोडे की एकच माणूस लागोपाठ ताट घरी नेतो आणि वर कुरकुरतो की फ्रीझरमध्ये जागा नाही. पोस्टाच्या कोपऱ्यावरचा मॅगपाय पक्षी पुन्हा लोकांच्या डोक्यावर झडप घालायला लागलाय, ती या आठवड्याची मुख्य बातमी. दर वसंतात ही बातमी दिली की तू खो खो हसायचीस. मी तीच जुनी बातमी तारीख बदलून लावतो. पूर्वी त्या कोपऱ्यावरून जायला माणसं तरी होती.

छापील हेरल्ड बंद झाला तो आठवडा तुला आठवतो? मी मागच्या शेडमध्ये जाऊन बसलो होतो. तू सिडनीहून सुट्टीवर आली होतीस. शेडच्या दारात उभी राहून म्हणालीस, "बाबा, कागद मेला. बातमी कुठे मेलीय? उठा आता, चहा गार होतोय." आणि त्याच सुट्टीत स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तू सगळं उभं केलंस. सामन्यांचे निकाल, नदीचं पाणी, हरवलेली कुत्री, बारशी, मयती, सगळं गुरुवारी सकाळी लोकांच्या फोनवर. ईवन तुझ्यामागे उभा राहून टोस्ट खात विचारायचा, "यात माझे गोल जास्त दाखवता येतील का गं?" आणि तुझ्या कळफलकावर तुकडे सांडायचा.

मग तो नोएल ट्रेगेअरचा घोळ झाला. गेला होता नोएलचा चुलतभाऊ, आणि आपण मारलं नोएलला. सकाळी निधनवार्ता गेली आणि दुपारी नोएल स्वतः पबमध्ये येऊन म्हणाला, "माझ्याच नावाने पिताय ना सगळे? मग मलाही एक ग्लास द्या की." लोक पोट धरून हसले. तू मात्र रडलीस. त्याच दिवशी तू नियम घातलास. निधनवार्ता एकाने लिहायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, आणि मेलेला माणूस ज्या घरचा, त्याच घरची ती दोन्ही माणसं. दुसऱ्याने शब्द बदलायचा नाही. त्याच्यासमोर फक्त एक प्रश्न येणार, 'यातलं सगळं खरं आहे?' आणि त्याखाली बटण. मी चिडवलं की एवढ्याशा गावाला हा कोर्टाचा थाट कशाला. तू म्हणालीस, "एकट्या माणसाला खरं वाटतं तेवढं पुरत नाही, बाबा."

आपलं गाव कसं आहे ते तुला नव्याने सांगायला नको. निधनवार्ता आल्याशिवाय कुणी तोंडातून शब्द काढत नाही, आधी विचारणं म्हणजे आगाऊपणा. आली की मात्र दुसऱ्या सकाळी दारात भांडी. कुणाचा ट्यूना घातलेला पास्ता, कुणाची अंड्याची सँडविचेस, मिसेस ट्रेगेअरचे ते दगडासारखे लॅमिंग्टन केक. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. मग भांडं परत करायला त्या घरी जायचं, तिथे चहा प्यायचा आणि तिथेच काय ते रडून घ्यायचं. ईवनसाठी आपल्या दारात एकही भांडं आलेलं नाही. माणसं वाईट नाहीत. नोएल रस्त्यात दिसला की टोपी काढतो, तोंड उघडतो आणि मग हवापाण्याचं बोलतो. ते सगळे निधनवार्तेची वाट बघतायत. तुझी आईही बघतेय. दर गुरुवारी मी संगणक बंद केला की ती सिंककडे तोंड करून विचारते, "आपलं आलं का?"

आपलं पान चालवणारं जे सॉफ्टवेअर तू लिहिलं होतंस, ते सगळ्यांसाठी उघडं ठेवलंस. कुणीही घ्या, वापरा, बदला, पैसे नकोत. कोण वाचतंय, किती वाचतायत हे मोजायचंच नाही, असंही ठरवलंस, म्हणून तर तिकडे तू आपलं पान उघडतेस की नाही हे मला आज कळायला मार्ग नाही. कुठकुठल्या गावांनी ते घेतलं. मला केवढा अभिमान वाटला होता, पबमध्ये मी सगळ्यांना वात आणला होता. पण घेणारे भरपूर आणि सांभाळणारी तू एकटी. दिवसा नोकरी, आणि उरलेल्या वेळात जगभरच्या तक्रारी. हे बटण निळं का, आमच्या गावाचं नाव मोठ्या अक्षरात का नाही, कालपासून उत्तर नाही म्हणजे काय. छदाम न दिलेली माणसं तुझ्याशी सावकारासारखी बोलायची. मी म्हणायचो, फेकून दे सगळं. तू म्हणायचीस, टाकलं तर त्या गावांचं काय. त्या ढिगात क्वीन्सलंडमधल्या कुणा बाईची एक साधी, सभ्य तक्रार होती, की नदीची पातळी मोजणारं माप बंद पडलं तरी पान जुनाच आकडा दाखवत राहतं. तिच्यापर्यंत तू पोचली नव्हतीस. पोचणार कशी होतीस?

आणि मग तो पूर आला, आपल्याकडे येतो तसाच, डोक्यावर लख्ख ऊन आणि वरच्या अंगाने चढत आलेलं पाणी. नोएलची कुत्री पलीकडच्या टेकाडावर अडकली होती. ईवन पहाटे पत्र्याची बोट घेऊन निघाला. जाताना मला म्हणाला, "बघून येतो, नाश्त्याला थांबा." पुलाखालच्या मापात ओंडके अडकून ते संध्याकाळीच मुकं झालं होतं. पाणी रात्रीतून चढलं आणि आपलं पान संध्याकाळचाच आकडा दाखवत होतं. बोट सापडली. कुत्री दुसऱ्या दिवशी पोहत पोहत घरी आली. ईवन काही आला नाही.

तू निधनवार्ता लिहिलीस. शेवटचं वाक्य होतं, 'त्याच्या बहिणीने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे त्याचा जीव गेला.' मी म्हटलं, हे वाक्य काढ. तू नाही म्हणालीस. मी म्हटलं, मग मी बटण दाबणार नाही. तू क्वीन्सलंडच्या त्या बाईची तक्रार टेबलावर आपटून मोठ्याने वाचलीस, तारखेसकट, आणि विचारलंस, "यात खोटं काय आहे ते सांगा, बाबा." मला सांगता आलं नाही. आईने कानावर हात ठेवले. त्या आठवड्यात तू नोकरी सोडलीस, सॉफ्टवेअर वाऱ्यावर सोडलंस आणि पार त्या टोकाला निघून गेलीस. आता तिथे ट्रकवाल्यांना अंडी तळून देतेस म्हणे. चांगली तळत असशील. टास्मानियातल्या इन्ग्रिड नावाच्या एका शाळामास्तरणीने तुझ्या कामाची प्रत घेऊन ते पुढे चालू ठेवलंय. बुधवारी आपण तिच्याच व्यवस्थेवर जाणार. माप गप्प झालं की तिचं पान आता आकड्याच्या जागी लाल अक्षरात 'माहीत नाही' असं दाखवतं. तुझं नाव तिने कुठूनही काढलेलं नाही. मी मुद्दाम विचारलं तेव्हा म्हणाली, घर तिने बांधलंय, मी नुसती झाडलोट करते.

गेल्या महिन्यात मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरचा निकाल आला. देह मिळाला नसला तरी ईवन मरण पावला असं आता सरकारने मानलंय. तो निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला, तुझ्यासाठी काही सुटका सापडते का म्हणून. नाही सापडली. त्या पहाटे त्याने पान बघितलं की नाही, हे ठरवता येत नाही, एवढंच त्यात आहे. फोन त्याच्याबरोबरच गेला. एरवी तो पाणी बघायचा ते पबच्या मागच्या झाडावरच्या खुणांवरून, फोनवरून नाही. पण काळोख होता, घाई होती, आणि पान तर बहिणीचं होतं. बघितलंही असेल. ते वाक्य खोटं आहे असं मी तुला छातीठोकपणे सांगू शकत नाही, ब्रॉनी. खरं आहे असं तूही सांगू शकत नाहीस. तुला एकटीला ते खरं वाटतं, आणि तेवढं पुरत नाही, हा नियम माझा नाही.

आता ती राहिलेली गोष्ट. मी नवी निधनवार्ता लिहिली आहे. ती अशी आहे: 'ईवन पॅस्को, वय सत्तावीस, बुरंबिल. पुराच्या पाण्यात कुत्री आणायला गेला, परत आला नाही. डग आणि मॉरीन यांचा मुलगा, ब्रॉनीचा भाऊ. टोस्ट फार खायचा.' बुधवारी ही तिकडे चढवीन, आणि ती दुसऱ्या माणसाच्या मंजुरीसाठी थांबेल. आईचं नाव मंजुरीला घालता येतं, इन्ग्रिडने कसं ते दाखवलंही. पण आई म्हणाली, ब्रॉनीशिवाय नको. तिचं आता एकच पोर उरलंय आणि तेच फोन उचलत नाही, असं म्हणाली. तेव्हा पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. जमलं तर कुणाचा तरी फोन माग, आपलं पान उघड, तुझं जुनंच नाव चालतं. तिथे तुझाच प्रश्न तुला विचारला जाईल. मी लिहिलंय त्यात काही खोटं असेल तर दाबू नकोस. मला फार आशा नाही, आणि तिनेही ती धरू नये असंच मी आईला सांगितलं, कारण काल बघतो तर तिने फ्रिजचा मधला कप्पा सगळा रिकामा करून ठेवला होता. मी म्हटलं, मॉरीन, कुणी काही आणणार नाहीये, उगाच आस लावून बसू नकोस. ती म्हणाली, आस कसली, नुसता पुसून ठेवलाय.

तुझाच,
बाबा