धाकट्या भावाला काही न देण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, धंदा विद्यापीठीय ग्रंथांचे संपादन, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोक्याने मी ठणठणीत आहे. दुखणे हृदयाचे आहे, आणि त्याचे खरे कारण डॉक्टरांना ठाऊक नाही. याआधीच्या मृत्युपत्रात सगळे धाकट्या भावाच्या नावे केले होते. ते रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पुतणीला. बापाच्या करणीची शिक्षा तिला नको. पुस्तकांची खोली तिने खुशाल मोडावी. माझा आत्मा तिथे घुटमळणार नाही, त्याला दुसरी कामे आहेत.

२. सर्व शब्दकोश व भिंग आमच्या मुद्रितशोधकाला. तो आयुष्यभर माझ्याशी भांडला, पण तोंडावर.

३. प्रकाशनसंस्था आम्हा दोघा भावांची, निम्मी-निम्मी. आई गेल्यावर धाकट्याला मी हाताशी धरले. ग्रंथ मी निवडायचे, त्याने विकायचे. आमचा नियम एकच होता: हस्तलिखित बाहेरच्या जाणकाराकडे वाचायला द्यायचे, आणि त्याने ते गुपचूप वाचून अभिप्रायासह परत करायचे. लेखक आपली उमेदीची वर्षे आमच्या स्वाधीन करतो ती या भरवशावर.

एका संशोधक मुलीने जुन्या पाणीतंट्यांवर ग्रंथ लिहिला होता. गावोगाव हिंडून, म्हाताऱ्यांच्या शिव्या खाऊन. मी तो पेन्सिल घेऊन वाचला आणि विद्यापीठातल्या विभागप्रमुखांकडे अभिप्रायासाठी पाठवला. ते ‘वाचतोय, वाचतोय’ म्हणत राहिले. मग मी इस्पितळात पडलो. बाहेर येऊन पाहतो तर त्याच विषयावर विभागप्रमुखांचे पुस्तक आमच्याच संस्थेने काढलेले, आणि ग्रंथमालेचा संपादक म्हणून वर माझे नाव.

ती मुलगी घरी आली. पुस्तक उघडून तिने माझ्यापुढे ठेवले. मजकुराच्या ऐन मध्यात छापले होते, ‘वाक्य फार लांबले, जरा श्वास घ्या.’ तिच्या हस्तलिखिताच्या समासात मी पेन्सिलीने केलेली ही सूचना. चोराने तीही आपली म्हणून उतरवली होती! आधी मला हसूच फुटले. मग ती म्हणाली, “सर, तुम्हीपण यात आहात का?” माझा मृत्यू त्या दिवशी झाला असे धरायला हरकत नाही.

मला वाटले, भाऊही फसला असेल. त्याला विचारले. तो म्हणाला, “दादा, मला माहीत होतं. ग्रंथालयांची खरेदी त्यांच्या हातात आहे. तिला काय, दुसरा विषय मिळेल.” ज्याला मी बोट धरून शाळेत नेले, त्याने माझे नाव चोरीच्या मालावर चिकटवले, आणि वर विचारले, चहात साखर चालते का आता.

सबब, संस्थेतील माझा निम्मा हिस्सा मी त्या संशोधक मुलीला देतो. कोणतीही अट नाही. तिने आपला ग्रंथ आपल्या नावाने, आपल्याच संस्थेतून काढावा, आणि सोमवारच्या बैठकीला माझ्या खुर्चीत बसावे. ती भावाच्या बरोब्बर समोर आहे.

४. शोकसभेत विभागप्रमुखांचे भाषण ठेवू नये. बिचाऱ्यांना तेही कुणाचे तरी उचलावे लागेल.

५. धाकट्या भावाला काही नाही. माया अजून आटलेली नाही, भरवसा आटला.

६. साक्षीदारांविषयी. वकिलांच्या कचेरीतून येणाऱ्या बाई ऐनवेळी आल्या नाहीत. भावजय माझा डबा घेऊन आली होती. मी तिला म्हटले, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, माझी सही होताना पाहिली की झाले. तिने चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचले. मग म्हणाली, “भाऊजी, घरी मला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं.” मी म्हटले, राहू दे, दुसरे कुणी बघू. तिने माझ्याकडे पेन मागितले.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ मार्च, दुपार

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही)
खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य. नाते: शेजारी.

साक्षीदार दुसरी: (सही)
पूर्ण वाचून सही केली. नाते: धाकट्या भावाची पत्नी.