कलम चार

१ मार्च, रविवार. सकाळी ७.४०
आजपासून नवी रोजनिशी. जुनी (विषय: मत्स्यालय) पाण्यात पडल्यामुळे बंद झाली.
संकल्प: महिन्याभरात मागच्या अंगणात बाग. नुसती बाग कोणीही करतो. ही मुलींनी आखलेली, मुलींनी निवडलेली बाग असणार. कंपन्यांमध्ये जाऊन मी मोठमोठ्या माणसांना एकत्र काम कसं करावं ते शिकवतो, मग घरी का नको? मोठी साडेसहा वर्षांची, टिकली चार. दोघींना समोर बसवून नियम सांगितले. रोपं तुम्ही ठरवायची, जागा तुम्ही ठरवायच्या, प्रत्येकाला एक मत, बहुमत मोडायचं नाही. मीसुद्धा नाही.
टिकलीने विचारलं, आईला मत आहे का. म्हटलं, आहे तर. हिने मान वर न करता सांगितलं की तिचं ठरवून झालंय. म्हणजे बागेचं हिला आधीच कळलेलं दिसतंय. बायकांपासून काही लपत नाही.
स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय. बाग झाली की पहिलं काम ते.

३ मार्च, मंगळवार
पहिली मीटिंग. एकूण विषय सात. सातवा हिने घातला: आपल्या दोघांचं बोलणं. कुंपणावरच (विषय दोन) सव्वा तास गेला, त्यामुळे सातवा वेळेअभावी पुढे ढकलला. हे बोलणं याआधीही दोनदा राहिलं होतं. ही उठून दूध तापवायला गेली. पूर्वी आकाशपाताळ एक केलं असतं.
नोंद: गेले दहा दिवस घरात एकही भांडण नाही. अजून कुदळसुद्धा मारलेली नाही आणि परिणाम सुरू.

५ मार्च, गुरुवार
हिने टेबलावर लिफाफा ठेवला. म्हणाली, वाच. एवढं एक वाच. आत एकच लांबलचक कागद, एका बाजूला दाट टाइप केलेलं. पहिल्याच ओळीत 'उभयपक्षी'. असले शब्द मी डोकं ताजं असताना वाचतो. उद्या सकाळी.

६ मार्च, शुक्रवार. संध्या. ५.१५
सकाळी डोकं ताजं नव्हतं.
मुलींना नकाशासाठी मोठा कागद हवा होता. घरात एक धड कागद सापडेल तर शपथ. शेवटी लिफाफ्यातला आठवला. जाड, मागची बाजू कोरी. दोघी तासभर पालथ्या पडून काढतायत. मी डोकावलो की टिकली दोन्ही हातांनी झाकते.

८ मार्च, रविवार
नकाशा पूर्ण. फ्रिजवर चार चुंबकं लावून चिकटवला. खरं सांगायचं तर ऊर भरून आला.
काही तांत्रिक चुका आहेत. बाग अरुंद आणि लांबट. एका बाजूला उभ्या रेघा, म्हणे कठडा. आपल्या अंगणाला कठडा नाही. लांबी: टिकलीची सतरा पावलं. टिकलीला अंगणात चालवून बघितलं, एकेचाळीस भरली. म्हटलं, तुमचं मोजमाप चुकलंय. मोठी म्हणाली, नाही चुकलं, आम्ही दोनदा मोजलं. कुठे मोजलं विचारलं तर दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.
कल्पनाशक्ती. तिला धक्का लावायचा नाही. फक्त सूर्य चुकीच्या बाजूला होता, तो मी खोडून योग्य बाजूला काढला. मोठीने नंतर तो परत होता तिथे नेला.
कठड्यापाशी तीन खुर्च्या आणि एक स्टूल आहे. स्टुलावर 'र' लिहिलंय. मोठी सध्या अक्षरं गिरवते. र रोपाचा असणार.

१० मार्च, मंगळवार. रात्री
मुलींना घेऊन नर्सरीत. नर्सरीवाले आजोबा मोठे धीराचे, दोन तास आमच्याबरोबर फिरले. मी अंजीर निवडलं. तीन वर्षांनी फळ, पन्नास वर्षं सावली. मुलींचा मात्र प्रत्येक रोपापाशी एकच प्रश्न: हे उचलता येतं का? रंग नाही, वास नाही, फूल नाही. टिकली कुंडीला मिठी मारून उचलून बघायची. उचलली तर पास, नाही तर नापास. व्यायामही आपोआप होतोय, हे माझ्या योजनेत नव्हतं.
मतदान झालं. जमिनीत की कुंडीत? दोन विरुद्ध एक. सगळं कुंडीत. अंजीर? दोन विरुद्ध एक. नापास. निवडून आले ते पुदिना, सदाफुली, एक निवडुंग आणि टोमॅटोची तीन रोपं. अंजीर मी प्रशिक्षकाच्या खास अधिकारात घेतलं. याला बहुमत मोडणं म्हणत नाहीत.
आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, साहेब, घर बदलताय का? मी मोठ्याने हसलो. म्हटलं, या घरातून आता मी हलत नाही. ते म्हणाले, बरं.
निघताना त्यांनी गुलाबाची चार कलमं फुकट दिली. मोठीने डब्यांवर नंबर घातले. एक आईचं, दोन तिचं, तीन टिकलीचं, चार माझं. मी दोघींना युक्ती शिकवली: शंका आली तर नखाने साल जरा खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर संपलं. दोघींनी दिवसभर घरातली खुंट्यांपासून खुर्चीपर्यंत सगळी लाकडं खरवडली. सगळी तपकिरी.

१३ मार्च, शुक्रवार. रात्री ८
आनंदाची बातमी. ही बागेत रस घ्यायला लागली!
सकाळी मी बूट घालत होतो, तर समोर येऊन उभी राहिली आणि विचारलं, कलमांचं बघितलंस का? म्हटलं, रोज बघतो. म्हणाली, आणि कलम चार? त्याबद्दल तुझं काय म्हणणं? बघा, नंबरसकट लक्षात. म्हटलं, बाकीच्या तिघांची काळजी नाही, पण चारला जरा वेळ द्यावा लागेल. ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. विचारलं, किती? म्हटलं, पंधरा दिवस. म्हणाली, मग अठ्ठावीस. शनिवार येतो. चालेल? म्हटलं, पळेल.
मग तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. कित्येक महिन्यांत केली नव्हती. दिवसभर मी कॉलरला हात लावला नाही.

१५ मार्च, रविवार
ही कोपऱ्यावरच्या दुकानातून रिकामे खोके आणते आहे. आतापर्यंत अकरा. पुस्तकं, लोकरीचे कपडे, वरच्या फळीवरची भांडी. एकदा माणूस आवरायला लागला की बागेवर थांबत नाही, हे मी नेहमी सांगतो. बैठकीच्या भिंतीवर तसबिरी होत्या तिथे फिकट चौकोन दिसतायत. रंग काढायला हवा. मेमध्ये.
दुपारी शिंकलो तर खोलीतून आवाज परत आला. घाबरून मागे बघितलं. कोणी नव्हतं.

१८ मार्च, बुधवार
अंजिरासाठी खड्डा. ठरवला होता तीन फूट. एक फुटावर कंबर धरली. उरलेला उद्या.
शेजारच्या काकू भिंतीवरून बघत होत्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, काही लागलं तर संकोच करू नका, जेवणाबिवणाचं बघू आम्ही. म्हटलं, काकू, फक्त शेणखत लागेल. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. यांना पूर्वीपासून ऊन सोसत नाही.
मोठी खड्ड्याच्या काठावर बसून होती. विचारलं, झाड इथे किती वर्षं राहणार? म्हटलं, पन्नास. म्हणाली, मग त्याला पाणी कोण घालणार? म्हटलं, आपण सगळे. तिने खड्ड्यात एक खडा टाकला, मग दुसरा. म्हणाली, बाबा, तू विसरतोस. मी तिला वहीतलं पाणी घालायचं वेळापत्रक दाखवलं. तिला वाचता येत नाही म्हणून वाचूनही दाखवलं. ती ऐकून घेत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

२१ मार्च, शनिवार
टिकलीच्या तोंडून निघून गेलं की पुढच्या शनिवारी मामा टेम्पो घेऊन येणार. मोठीने तिला कोपर मारलं. टिकली रडायला लागली. मी लगेच सांगितलं की मी ऐकलंच नाही. मेहुणा माझ्यासाठी खत आणत असणार. शनिवार अठ्ठावीसच. सगळं एका तारखेला जुळून येतंय. योजना नीट असली की असंच होतं.
खड्डा: आहे तेवढाच. काल पाणी साचलं.

२४ मार्च, मंगळवार. दुपारी १२.३०
कलम एकला पालवी. दोनला, तीनलासुद्धा. चार काहीच बोलत नाही. जागा बदलली, पाणी वाढवलं, थोडं दटावलं.
हिने विचारलं, तो कागद कुठे आहे? मी अभिमानाने फ्रिज दाखवला. ही नकाशासमोर उभी राहिली. स्टुलावर बोट ठेवलं. विचारलं, मागची बाजू वाचलीस? म्हटलं, दोन्ही बाजू महत्त्वाच्याच असतात. ही हसायला लागली. हसता हसता न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून आत बसली. तो नळ चांगला चालतो.
तिने कागद काढून माझ्या हातात का दिला नाही? मी तरी का काढला नाही? चुंबकं घट्ट आहेत.

२७ मार्च, शुक्रवार. संध्या. ६.१०
कामावरून आलो तर किल्ली दारात फिरवायला हात उठेना. भीतीच वाटली, स्पष्ट लिहितो. कसली ते नाही माहीत. दुपारचं जेवण बाधलं असावं.
आत सगळं ठीक. सगळ्या कुंड्या दाराशी एका ओळीत, लहानापासून मोठ्यापर्यंत. मोठीने प्रत्येकीला दोरी बांधली आहे. म्हटलं, उद्या मीटिंग घेऊ. सातवा विषय सगळ्यात आधी घेऊ. हिने हळूच विचारलं, उद्या? म्हटलं, हो, नक्की.

२८ मार्च, शनिवार
टेम्पो दहाला आला. खत नव्हतं.
मेहुण्याने माझ्या नजरेला नजर दिली नाही. मी दार धरून उभा राहिलो. दार आपोआप बंद होतं, त्याची खिट्टी बसवायची राहिली आहे, त्यामुळे कोणीतरी धरावंच लागतं. आधी कुंड्या गेल्या. टिकलीने टोमॅटो स्वतः नेला, मिठी मारून. एकही सांडली नाही. निवड अचूक होती.
मग खोके. मग फ्रिज. तो हिच्या माहेरचा. उचलताना नकाशा सुटून जमिनीवर पडला, पालथा. मी वाचला. उभ्या उभ्या, पहिल्यापासून. कलम एक, राहण्याची जागा. कलम दोन, सामान. कलम तीन, शाळा. कलम चार: वडील दर रविवारी दहा ते सहा मुलींना तिथे येऊन भेटतील.
कागद उलटा केला. कठडा. सतरा पावलं. सूर्य बरोबर बाजूला होता.
र रोपाचा नव्हता.
हिला म्हटलं, मला वाटलं गुलाब. ती म्हणाली, माहीत आहे. मला ते त्या दिवशीच कळलं होतं. पण पंधरा दिवस तरी मागितलेस, म्हणून थांबले.
मोठी हात पुढे करून उभी होती. म्हणाली, बाबा, नकाशा आमचा आहे. दिला. तिने चार नंबरचा डबा माझ्या हातात ठेवला आणि सांगितलं, रविवारी येताना घेऊन ये.
टेम्पो वळला. मी दार अजून धरून होतो.

१ एप्रिल, बुधवार
नळ दुरुस्त केला. वीस मिनिटं लागली.

५ एप्रिल, रविवार. संध्या. ६.४०
दहाला पोचलो. पावणेदहापासून खाली उभा होतो. बाल्कनीत ऊन छान येतं. पुदिना कठड्याबाहेर गेला आहे, टोमॅटोला फुलं आली आहेत. एक, दोन, तीन, तिन्ही कलमं पानांनी भरली आहेत. मी स्टुलावर बसलो. एक पाय डुगडुगतो. म्हटलं, पुढच्या रविवारी ठोकून देतो.
मग चार नंबर काढला. सांगितलं की आठवडाभर रोज पाणी घातलं, एकदाही विसरलो नाही, आणि डोळा फुटतोय असं मला वाटतं. मोठीने डबा मांडीवर घेतला. नखाने साल खरवडली. जरा वर पुन्हा खरवडली. मग बोट त्यावर ठेवून झाकलं. काय दिसलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.
म्हणाली, मत घेऊ. चार नंबर जगेल असं कुणाला वाटतं? हात वर.
माझा हात वर होता. टिकलीने माझ्याकडे बघितलं, आपला हात अर्धा वर नेला, ताईकडे बघितलं, आणि खाली आणून डोकं खाजवलं.
दोन विरुद्ध एक. तरी मोठीने तो डबा बाकीच्या तिघांच्या रांगेत ठेवला आणि मला पाण्याचा मग आणून दिला.
नियम मोडला. मी पाणी घातलं.