पांढरी गाडी का लाल?

रेणू,

तुम्ही दोघं उठायच्या आत मी बसनं गावाकडं, खजुरीला जायलोय. पांढरी गाडी का लाल, ते आज ठरवू नका. शोरूमवाल्याला फोन करून दोन्ही गाड्या परवा परत आणायला सांग.

काल दोन्हीत बसलो, चपला भायेर काढून. पांढरीचं दार लावलं की रस्त्याचा सगळा कलकलाट गपगार! लालमधी तर छताची काच सरकली आन डोक्यावर आभाळच उघडलं. मेंढरांमागं आख्खा जलम आभाळाखाली गेला, पर असं गादीवर बसून कंदी बघितलं न्हवतं. राजपालनं विचारलं, "अप्पा, कोणती घ्यावी?" मी म्हणलं, "उद्या सांगतो."

पर आपल्यात मेंढरू घेताना सुद्धा घरच्या बाईनं पाठीवरून हात फिरवल्याबिगर सौदा होत न्हाई. मग ही तर गाडी हाय. तू तुझ्या मनानं राजपालशी लग्न केलंस तवापासून तुझी आई ह्या घरात आली न्हाई. मी "चल" म्हणलं की "कामून?" म्हणती. आता कामून ते सांगायला माझ्यापाशी काहीतरी हाय.

ती आली तर जास्त बोलू नकोस. दोन्ही गाड्यांत तिला पुढंच बसव, आन गाडी माझ्या जावयाला चालवू दे.

अप्पा