मुंगीचे घर मुंगीच्या नावे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, माझ्यामागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी कालच मला तपासून डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. एकोणीस वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मात्र मी भीतीपोटी केले होते. ते आज पूर्णपणे रद्द करतो.

रद्द का करतो हे लिहिणे भाग आहे. नाहीतर पुढे कोणी म्हणेल, बायको गेल्यावर म्हाताऱ्याला काही सुचेनासे झाले. पत्नीला जाऊन चौदा महिने झाले. मला काही सुचत नव्हते हे खरे आहे, पण कारण ते नव्हे.

आम्हाला एकच मूल, मुलगी. वय चौतीस. ती बारा आठवडे आधी जन्मली. वजन नऊशे चाळीस ग्रॅम. त्रेसष्ट दिवस काचेच्या पेटीत होती. तिथल्या नर्स म्हणाल्या, "मुंगीएवढी आहे, पण चिवट आहे हो!" तेव्हापासून ती मुंगी. डॉक्टर म्हणाले होते, "जगेल का ते आठवड्याभरात सांगतो. जगली तर कशी होईल, ते आत्ता विचारू नका." मी घाबरून विचारले नाही. पत्नीनेही विचारले नाही, पण तिला तशी गरजच वाटली नाही.

मुंगी अडीच वर्षांची झाल्यावर चालली, चौथ्या वर्षी बोलली. घड्याळ कळायला चौदावे वर्ष उजाडले. भागाकार तिला आजही येत नाही. ती सात वर्षांची असताना एका तज्ज्ञांनी लिहून दिले की हिची समज आठ वर्षांच्या मुलापलीकडे जाणार नाही. तो कागद मी खरा मानला. माझ्या थोरल्या भावानेही मानला. मुंगी पंधरा वर्षांची असताना त्याने मला समोर बसवून सांगितले, "तुम्ही दोघं गेलात की हिला कोण बघणार? उद्या कोणीतरी गोड बोलून सही घेईल आणि घर घशात घालेल. घर माझ्या ताब्यात ठेव, मला तिचा पालक नेम." तो मनापासून बोलत होता. पत्नी एवढेच म्हणाली, "सही तुम्ही करा. मला वेळ नाही, तिला एकटीनं रस्ता ओलांडायला शिकवायचंय."

मी सही केली.

कलम १. राहते घर, म्हणजे खालचा कारखाना आणि वरच्या दोन खोल्या, मुंगीच्या एकटीच्या मालकीचे होईल. तिच्यावर कोणीही पालक, विश्वस्त किंवा देखरेख करणारा नेमू नये.

याला आधार देतो. पत्नी गेल्यावर दोन महिन्यांनी एका ग्रंथालयाचे मोठे काम आले. छापलेल्या कागदाच्या सोळा पानी घडीला आम्ही फर्मा म्हणतो. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते, आधीच्यापेक्षा जरा खाली. फर्मे क्रमाने लावले की खुणांचा जिना दिसतो. मी फर्मे लावून शिवत होतो, मुंगी शेजारी सरस ढवळत होती.

"बाबा, जिना तुटलाय."

"तू तुझं बघ. चाळीस वर्षं करतोय मी हे."

"तुटलाय पण."

मी शिवत राहिलो. चाळीस प्रती झाल्यावर एक उघडून बघितली, तर नवव्या फर्म्याच्या जागी सहावा. असे नवशिक्याकडूनही होत नाही. मी कपाळाला हात लावून बसलो. मुंगीने कात्री घेतली आणि एकेक दोरा कापायला लागली. रागावलीस का, असे विचारले तर म्हणाली, "आईनं सांगितलंय, बाबांचं चुकलं तर ओरडायचं नाही, दोरा कापायचा." चाळीसच्या चाळीस प्रती तिने उसवल्या, नीट लावल्या आणि शिवल्या. त्या दिवसापासून फर्मे ती लावते, सरस मी ढवळतो. वर्षभरात एकही प्रत परत आलेली नाही.

दुसरा आधार. मागच्या हिवाळ्यात मी आठ दिवस दवाखान्यात होतो. तेव्हा जुनी यंत्रे विकत घेणारा एक जण कारखान्यात आला आणि मुंगीला म्हणाला, "बाबांशी बोलणं झालंय, ताई. तुम्ही फक्त इथे सही करा." मुंगी म्हणाली, "मी सावकाश वाचते. कागद ठेवून जा, सोमवारी या." तो कागदही घेऊन गेला आणि सोमवारी आलाही नाही. भावाला ज्या माणसाची भीती होती, तो माणूस येऊन गेला.

कलम २. कापणीचे यंत्र, दोन दाबयंत्रे, शिवणीची चौकट व सर्व हत्यारे मुंगीची. कागदाची घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीला कोणी हात लावू नये, ती आत्तापासूनच तिची आहे. बँकेतील ठेवही तिचीच. भागाकाराची गरज पडेल तिथे बँकेतल्या बाईंना विचारावे. त्या चांगल्या आहेत.

कलम ३. पत्नीने मुंगीबद्दल रोज एक ओळ लिहिली. अशा सात वह्या आहेत. उदाहरणार्थ, "आज हसली. कोणाकडे बघून ते कळलं नाही." मूळ वह्या मुंगीकडे राहतील. नक्कल करून एक बांधलेली प्रत मुंगी जन्मली त्या दवाखान्यातल्या काचेच्या पेट्यांच्या खोलीबाहेर ठेवावी. तिथे आयांना बसून राहण्याखेरीज काही काम नसते.

कलम ४. "इथे जागा अडवू नका" असे म्हणून मुंगीला पहिलीतून घरी पाठवणाऱ्या मुख्याध्यापिका हयात असल्यास, त्यांना मुंगीने बांधलेली एक कोरी वही पाठवावी. सोबत चिठ्ठी नको. मी फार बोलणारा माणूस नाही.

कलम ५. थोरल्या भावाला मिळकतीतले काही नाही. त्याने महिन्यातून एकदा येऊन मुंगीवर लक्ष ठेवावे, असे मी आधी लिहिले होते. मुंगीने हा मसुदा तीन दिवस ओळीखाली पट्टी धरून वाचला आणि म्हणाली, "लक्ष नको. जेवायला येऊ दे." त्याप्रमाणे दुरुस्ती केली आहे.

कलम ६. या कागदाची अंमलबजावणी मुंगीच करील.

आज वकीलबाईंच्या कार्यालयात साक्षीदारांचा प्रश्न निघाला. शेजारचे कुलूप दुरुस्तीवाले आले होते. दुसरी सही मी करते, असे मुंगी म्हणाली.

"तुला नाही चालणार गं," वकीलबाई म्हणाल्या. "ज्याला काही मिळतं, त्यानं साक्षीदार होऊ नये."

मुंगीने पट्टी धरून सगळी कलमे पुन्हा वाचली. कोणी घाई केली नाही. मग तिने विचारले, "मोठ्या काकांना काही मिळतंय?"

"जेवण सोडलं तर काही नाही," मी म्हणालो.

"मग ते चालतील."

वकीलबाईंनी हातातले पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे बघितले. मी भावाला फोन केला. तो आला. सगळे कागद वाचले, पहिले कलम दोन वेळा वाचले. चष्मा पुसून मुंगीला म्हणाला, "मलाच काढून टाकलंस, आणि वर सही माझीच?"

"हो काका," मुंगी म्हणाली. "इथं." आणि जागेवर बोट ठेवले.

एवढे लिहून, सर्वांसमोर, आनंदाने सही करतो.

लिहून ठेवणार: (सही) मुंगीचे वडील, पुस्तकबांधणीवाले

आमच्यासमोर सही झाली:
१. (सही) शेजारी, कुलूप दुरुस्तीवाले
२. (सही) लिहिणाऱ्याचे थोरले बंधू

स्थळ: वकीलबाईंचे कार्यालय
दिनांक: ११ ऑगस्ट, दुपारी सव्वाबारा